नव्या वस्तीत अँग्लिकन परंपरेची मंडळी उभारताना: आरंभीच्या दोन वर्षांविषयी

पाथर्डी फाटा, इंदिरानगर आणि अंबड या भागांत गेल्या काही वर्षांत राहावयास आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या वतीने एका गृहस्थांनी विचारले आहे की, दर रविवारी शरणपूरपर्यंत किंवा नाशिकरोडपर्यंत जाण्याऐवजी आपल्याच भागात अँग्लिकन परंपरेची, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या वळणाची, नवी मंडळी (चर्चचा सभासदसमूह) सुरू करावयाची झाल्यास आरंभ कोठून करावा. आधी जागा पाहावी की पाळक मागावा. आणि वर्गणीतून जमलेली रक्कम एका बिगरशेती भूखंडाच्या विसारापोटी द्यावी की देऊ नये. पाळक म्हणून माझी बरीचशी सेवा याच जिल्ह्यात झाली, आणि त्या काळात काही नव्या मंडळ्या उभ्या राहताना, तर काही मोडतानाही जवळून पाहिल्या. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. विसार देऊ नये. भूखंड वाईट आहे म्हणून नव्हे, तर तो विकत घेऊ शकेल असा कोणीही आज आपल्यापाशी नाही म्हणून. कुटुंबे आहेत, पैसे आहेत, उत्साह आहे. परंतु कायद्याच्या दृष्टीने आणि मंडळीच्या शिस्तीच्या दृष्टीने 'मंडळी' अजून अस्तित्वात नाही. जागा हा या कामाचा तिसरा किंवा चौथा टप्पा आहे, आणि तो पहिला केल्यामुळे अडचणीत आलेल्या मंडळ्यांची संख्या जागेअभावी बंद पडलेल्या मंडळ्यांपेक्षा माझ्या अनुभवात कितीतरी अधिक आहे.

अँग्लिकन म्हणताना आज महाराष्ट्रात आपण नेमके काय म्हणतो, हे स्पष्ट असावे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांचे ऐक्य होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सी.एन.आय.) स्थापन झाली, आणि तोपर्यंतची आपली अँग्लिकन मंडळी, म्हणजे चर्च ऑफ इंडिया, पाकिस्तान, बर्मा अँड सिलोन, तीत विलीन झाली. सी.एन.आय. ही जागतिक अँग्लिकन कम्युनियनची पूर्ण सदस्य आहे. नाशिकचा डायोसिस, म्हणजे बिशपांच्या अधिकाराखालील धर्मप्रांत, तर त्याआधीचा, १९२९ सालचा. तेव्हा आपल्याला जी नवी मंडळी हवी आहे ती व्यवहारात नाशिक डायोसिसच्या बिशपसाहेबांच्या अधिकाराखालील नवी पास्टोरेट, म्हणजे पाळकाच्या देखरेखीखालील स्थानिक मंडळी, होय, दुसरे काही नव्हे. हे मुद्दाम लिहितो, कारण नव्या वस्तीत पंचवीस-तीस कुटुंबे एकत्र जमू लागली की कोठून तरी एखादे सद्गृहस्थ जांभळा सदरा घालून येतात, स्वतःस बिशप म्हणवितात, आणि फारशी चौकशी न करता संलग्नतेचे पत्र व पाळकदीक्षाही देऊ करतात. त्यांना नम्रपणे चहा द्यावा आणि एवढेच विचारावे की, आपल्या हातून दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर बिशपांच्या हस्ते होणारा विधी) झालेल्या मुलाचे नाव शरणपूरच्या रजिस्टरात प्रभुभोजनास (भाकर व द्राक्षरसाच्या विधीस) पात्र म्हणून चढेल काय. या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळाले नाही, तर पुढे काही विचारण्याची आवश्यकता राहत नाही.

नाशिकच्या ख्रिस्ती माणसाला जमिनीपासून आरंभ करावासा का वाटतो, याचे कारण आपल्या इतिहासात आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे. चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशकात १८३२ मध्ये सुरू झाले, आणि १८५४ च्या सुमारास विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शरणपूर वसविले. तेथे आधी जमीन घेतली गेली, मग घरे, शाळा, अनाथाश्रम, सुतारकाम व लोहारकाम शिकविणारे कारखाने आणि या सर्वांच्या मध्ये उपासना. हिंदी महासागरातील गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेली आफ्रिकन मुलेही तेथेच शिकली. त्यांपैकी जेकब वेनराइट हा तरुण डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे पार्थिव घेऊन १८७४ मध्ये इंग्लंडपर्यंत गेला. या वारशाचा अभिमान असावा. पण त्या व्यवस्थेत जमीन, घर, रोजगार आणि व्यासपीठ ही चारही एकाच संस्थेच्या हाती होती, पैसा बाहेरून येत होता, आणि रविवारी उपासनेला कोण येणार हा प्रश्नच नव्हता, कारण सर्व जण कंपाउंडातच राहत होते. आपल्या पाथर्डी फाट्याच्या कुटुंबांची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. प्रत्येकाचे घर वेगळ्या सोसायटीत, नोकरी वेगळ्या कंपनीत, गृहकर्जाचा हप्ता प्रत्येकाच्या डोक्यावर, आणि उपासनेला येणे सर्वस्वी आपखुशीचे. येथे जमीन घेतल्याने मंडळी होणार नाही. मंडळी झाली, तर ती कधीतरी जमीन घेईल.

म्हणून पहिली भेट मातृमंडळीच्या पाळकांची घ्यावी, आणि ती घेताना गुप्तता ठेवू नये. ज्या मंडळीच्या रजिस्टरात आपली नावे आहेत, तिच्या पास्टोरेट कमिटीला न कळविता घराघरांतून वेगळ्या उपासना सुरू झाल्या की, हेतू कितीही चांगला असला तरी ती फूट समजली जाते, आणि पुढची दहा वर्षे हा समज पुसला जात नाही. आपल्यापैकी काहींचा जुन्या कमिटीशी निवडणुकीवरून किंवा हिशेबावरून वाद झालेला असेल, तर तेही आधीच मोकळेपणाने बोलून घ्यावे. भांडणातून निघालेल्या मंडळीच्या डोक्यावर छप्पर येण्याआधी तिची तारीख कोर्टात लागते, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. अंतर, वाहतूक, वृद्धांची अडचण, मुलांची संडे स्कूल ही कारणे पुरेशी सबळ आहेत. त्यांच्यामागे दुसरे कारण दडलेले नसावे.

मातृमंडळीकडून पैशापेक्षा तीन गोष्टी मागाव्यात: आपल्या कामास संमती देणारा कमिटीचा ठराव, महिन्यातून एका रविवारी प्रभुभोजनासाठी पाळकांची वेळ, आणि प्रार्थना चालविण्यासाठी बिशपसाहेबांचे परवानापत्र घेऊ शकतील असे दोन-तीन प्रौढ सभासद. तिसरी मागणी सर्वांत महत्त्वाची आहे. अँग्लिकन परंपरेत सकाळची व सायंकाळची प्रार्थना पाळकाशिवाय चालू शकते. अधिकृत ले-रीडर, म्हणजे परवानापत्र मिळालेला पण पाळकदीक्षा नसलेला सभासद, शास्त्रपाठ, स्तोत्र, मतांगिकार (विश्वासाची कबुली) आणि प्रार्थना यांचा पूर्ण क्रम चालवू शकतो. प्रभुभोजन मात्र दीक्षित पाळकानेच द्यावयाचे असते. या एका व्यवस्थेमुळे आपली परंपरा लहान गटाला फार सोयीची ठरते, कारण पाळक नाही म्हणून रविवार रिकामा जात नाही, आणि पाळक नाही म्हणून कोणी हौसेने भाकर मोडावयासही बसत नाही.

आता रजिस्टराविषयी. आपण त्याला कारकुनी समजत असाल, म्हणून जरा थांबून लिहितो. इंग्लंडात पॅरिशची, म्हणजे स्थानिक मंडळीची, रजिस्टरे ठेवण्याची आज्ञा १५३८ मध्ये निघाली, आणि तेव्हापासून अँग्लिकन मंडळीचे खरे शरीर म्हणजे तिची बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह आणि दफन यांची पुस्तके असे म्हणण्यास हरकत नाही. पहिल्या महिन्यातच एक जाड, शिवलेली वही घ्यावी. सुटी पाने किंवा मोबाइलमधील यादी चालणार नाही. प्रत्येक कुटुंबाला एक पान द्यावे, आणि त्या पानावर प्रत्येक व्यक्तीचे पूर्ण नाव, जन्मतारीख, बाप्तिस्मा कोठे व कोणाच्या हस्ते झाला, दृढीकरण झाले आहे किंवा नाही, सध्याचे सभासदत्व कोणत्या मंडळीत आहे, आणि तेथून बदलीपत्र (सभासदत्व दुसऱ्या मंडळीत हलविण्याचे पत्र) कधी आले, एवढे रकाने असावेत. ही पाने भरताना जे कळते ते कोणत्याही सभेत कळत नाही. नवरा शरणपूरचा, बायको राहुरीकडची. मोठ्या मुलाचा बाप्तिस्मा आजोळी झाला, धाकट्याचा राहूनच गेला. सासूबाईंचे नाव अजून जालन्याच्या रजिस्टरात. आणि बदलीपत्र तर कोणीच आणलेले नाही.

बदलीपत्राकडे दुर्लक्ष केल्याने काय होते, याचे एक उदाहरण सांगतो. एका नव्या गटातील वृद्ध गृहस्थ ऐन श्रावणात वारले. रात्रभर पाऊस, घरात पाहुणे, आणि सकाळी दफनभूमीत जागेची विचारणा केली तेव्हा असे निघाले की, जुन्या मंडळीने त्यांचे नाव दोन वर्षे वर्गणी न आल्यामुळे कमी केले होते, आणि नव्या गटाचे रजिस्टर अजून 'तयार होत' होते. ज्या माणसाने पन्नास वर्षे चर्चमध्ये टाळ वाजविला, तो त्या सकाळी कागदावर कोणाचाच सभासद नव्हता. दुपारी तीनपर्यंत फोन चालले, शेवटी माणुसकीने मार्ग निघाला. पण त्यांच्या मुलाने त्यानंतर दोन्हीकडे पाऊल टाकले नाही. तेव्हा नवे पास्टोरेट मंजूर होईपर्यंत प्रत्येकाने आपले मूळ सभासदत्व आणि तेथील वर्गणी चालू ठेवावी, नव्या कामासाठी वेगळे दान द्यावे, आणि मंजुरीनंतर एकाच दिवशी सर्वांची बदलीपत्रे घ्यावीत. दुहेरी देणे काहींना जड जाईल, हे मान्य आहे. तरी याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

विवाहांची घाई करू नये. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याच्या कलम ५ नुसार बिशपांच्या हस्ते दीक्षा मिळालेला पाळक आपल्या मंडळीच्या नियमांप्रमाणे विवाह लावू शकतो, आणि कलम १० प्रमाणे सामान्यतः विवाह सकाळी सहा ते सायंकाळी सात या वेळेतच व्हावयास हवा. हॉलमध्ये संध्याकाळी उशिराच्या स्वागत समारंभाला जोडून लग्न लावण्याचा आग्रह वधूवरांचे मामा-काका हमखास करतात, तेव्हा हे कलम उपयोगी पडते. आपली विवाहनोंदीची पुस्तके अधिकृतपणे मिळेपर्यंत तीन रविवारच्या पुकारण्या (ठरलेल्या विवाहाच्या चर्चमधील जाहीर घोषणा) आणि विवाह मातृमंडळीतच होऊ द्यावेत. पासपोर्टसाठी किंवा वारसाहक्कासाठी पंधरा वर्षांनी दाखला मागावयास येणाऱ्या जोडप्याला आपली तात्पुरती वही उपयोगी पडणार नाही.

उपासनेच्या जागेचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा साधा आहे आणि वाटतो त्यापेक्षा चिवटही आहे. घरात सुरुवात करणे स्वाभाविक. परंतु सोसायटीतील सदनिकेत दर रविवारी चाळीस माणसे, त्यांच्या चपला आणि दुचाक्या आल्या की तिसऱ्या महिन्यात सेक्रेटरींचे पत्र येते, आणि ते पत्र बहुधा धर्मद्वेषाचे नसून पार्किंगचे असते. मंगल कार्यालय भाड्याने घ्यावे, तर लग्नाच्या तिथी रविवारी आल्या की आपली पाळी जाते, आणि एप्रिल-मेमध्ये तर जवळजवळ नेहमीच. शाळेचा हॉल त्यातल्या त्यात चांगला; मात्र स्पर्धा परीक्षांचे केंद्र त्या शाळेत असेल, तर वर्षातील काही रविवार हमखास जातात, म्हणून करार करतानाच अशा रविवारी पर्यायी वर्ग किंवा वेगळी वेळ मिळेल असे लिहून घ्यावे. करार अकरा महिन्यांचा, लेखी, आणि 'धार्मिक उपासनेसाठी' असा उद्देश स्पष्ट नोंदविलेला असावा. सांस्कृतिक कार्यक्रम असे मोघम लिहून घेतलेली जागा पहिल्या तक्रारीबरोबर हातची जाते. ध्वनिवर्धक वापरू नये. चाळीस माणसांना त्याची गरज नसते, आणि हार्मोनियम व ढोलकी पुरेशी ऐकू येते.

वेळ मात्र एकदा ठरली की बदलू नये. आपल्या भागातील पुष्कळ सभासद अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत पाळ्यांमध्ये काम करतात. रात्रपाळी संपवून सकाळी घरी येणाऱ्या माणसाला आठची उपासना अशक्य आणि अकराची कठीण असते. सर्वांना विचारून, कोणालाच पूर्ण सोयीची नसलेली पण कोणालाही अशक्य नसलेली वेळ धरावी, आणि चारच माणसे आली तरी ठरल्या क्षणी घंटा वाजवावी. चर्च ऑफ इंग्लंडच्या १६६२ च्या साधारण प्रार्थनापुस्तकात अशी सूचना आहे की, लहान पॅरिशमध्येही पाळकाबरोबर प्रभुभोजन घेणारे निदान तिघे तरी असल्याशिवाय प्रभुभोजन होऊ नये. आणि प्रत्येक सभासदाने वर्षातून किमान तीनदा, त्यांत ईस्टरला अवश्य, ते घ्यावे. ही आकडेवारी मला नेहमी धीर देणारी वाटली आहे. ज्यांनी ती लिहिली, त्यांना भरलेली चर्चे ठाऊक होती आणि रिकामीही.

आपल्या गटात उपासनेच्या पद्धतीवरून मतभेद होतील, आणि ते पहिल्या सहा महिन्यांत व्हावेत हेच बरे. शरणपूरच्या बाजूचे सभासद प्रार्थनापुस्तकावर वाढलेले. नगर जिल्ह्यातून आलेल्यांपैकी पुष्कळ अमेरिकन मराठी मिशनच्या कंग्रिगेशनल (बिशप नसलेल्या, स्वायत्त मंडळ्यांच्या) वळणाचे, त्यांना लांब उपदेश आणि उत्स्फूर्त प्रार्थना हवी. आणि १९७० पासून ही दोन्ही घराणी एकाच मंडळीत आहेत. प्रभुभोजनात कोणी सर्वांच्या एकाच पेल्याला ओठ लावतो, कोणाला लहान प्यालेच चालतात. कोणी गुडघे टेकतो, कोणी उभाच राहतो. बालबाप्तिस्मा आणि समजत्या वयातील बाप्तिस्मा या दोन्ही परंपरांना सी.एन.आय. मध्ये स्थान आहे, हे पाळकांनी एकदा नीट समजावून सांगावे, आणि कोणत्याही पालकावर दबाव येऊ देऊ नये. माझा सल्ला असा की, प्रभुभोजनाचा विधी सी.एन.आय. च्या मान्य क्रमाप्रमाणे अक्षरशः चालवावा, तेथे कोणाच्याही आवडीला वाव ठेवू नये. आणि मोकळीक जी द्यावयाची ती संगीतात व आठवड्यातील घरगुती प्रार्थनेत द्यावी. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजने दोन्हीकडच्या लोकांना पाठ असतात. टिळक तरुणपणी संस्कृत शिकले ते नाशकातच. त्यांचे एखादे पद टाळावर सुरू झाले की शरणपूरकर आणि नगरकर हा भेद निदान तेवढा वेळ राहत नाही.

प्रभुभोजनातील द्राक्षरसाविषयी थोडेसे. नाशिकमध्ये राहून बाटलीबंद सरबत वापरण्याचे कारण नाही असे म्हणत कोणीतरी आपल्या मळ्यातील ताजा रस घेऊन येतो. भावना उत्तम, पण उन्हाळ्यात शनिवारी काढलेला रस रविवारपर्यंत फसफसू लागतो. काय वापरावयाचे हे पाळकांनी ठरवावे, ते काम एकाच कुटुंबाकडे कायमचे देऊ नये, आणि पेला, ताट व त्यांवरील पांढरी कापडे आरंभापासून स्वतंत्र पेटीत, घरच्या भांड्यांपासून वेगळी ठेवावीत. उरलेली भाकर व रस उपासनेनंतर तेथेच भक्तिभावाने संपवावयाचा असतो. मुलांना खाऊ म्हणून वाटावयाचा नसतो. नव्या जागेत या गोष्टी शिकविणारे वडीलधारे नसतात, त्यामुळे त्या सांगून ठेवाव्या लागतात.

पैशाच्या बाबतीत मी कठोर आहे. आज बहुतेक नव्या गटांत पहिल्याच रविवारी दानपेटीच्या शेजारी एका उत्साही तरुणाच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड चिकटविलेला दिसतो. तो त्याच दिवशी काढावा. हा तरुण प्रामाणिक असतो. तरीही त्याच्या पगारात मंडळीचे दान मिसळते, त्याच्या प्राप्तिकर विवरणात ते दिसते, आणि त्याची बदली पुण्याला झाली की हिशेब त्याच्याबरोबर जातो. डायोसिसच्या संमतीने मातृमंडळीच्या खात्यांतर्गत स्वतंत्र शीर्षक उघडून घ्यावे किंवा डायोसिस सांगेल त्या पद्धतीने खाते उघडावे, आणि काढण्यासाठी दोन सह्या आवश्यक कराव्यात. उपासनेनंतर दान एकाच घरातील नसलेल्या दोघांनी तेथेच, सर्वांच्या देखत मोजावे, वहीत आकडा लिहून दोघांनी सही करावी, आणि सोमवारी ते बँकेत भरावे. महिन्याचा जमाखर्च एका कागदावर लिहून हॉलच्या दाराशी लावावा. परदेशातील नातेवाइकाने किंवा ओळखीच्या मंडळीने पैसे पाठवू म्हटले, तर नकार द्यावा. परकीय अंशदान विनियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच आणि तिच्या ठरावीक खात्यातच असे पैसे घेता येतात, आणि आपण अजून संस्थाच नाही.

किती पैसे लागतील, हे साध्या हिशेबाने पाहावे. समजा, तीस कुटुंबे दरमहा सरासरी हजार रुपये नियमित देतात. म्हणजे महिना तीस हजार. त्यातून हॉलचे भाडे, वीज, प्रवासखर्च, संडे स्कूलचे साहित्य, गरजूंसाठी बाजूला काढलेला भाग आणि डायोसिसचा वाटा वजा करून काय उरते, ते पाहावे. पूर्णवेळ पाळकाचे मानधन, राहण्याची व्यवस्था आणि निवृत्तिनिधी यांचा आपल्या वाट्याला येणारा भार या शिलकीतून सलग बारा महिने उचलता येईल असे दिसेपर्यंत पाळक मागू नये. एखादा दाता पहिल्या वर्षाचा सर्व खर्च मी देतो असे म्हणेल. त्याचे आभार मानावेत आणि त्याचे दान जागेच्या निधीत ठेवावे. चालू खर्च एका खिशातून भागू लागला की बाकीचे एकोणतीस खिसे आपोआप बंद होतात, आणि त्या दात्याचा शब्द कमिटीत मोडता येत नाही.

कारभारासाठी आरंभी मोठी कमिटी नको. अँग्लिकन पॅरिशमध्ये दोन वॉर्डन (कारभार पाहणारे सभासद) असण्याची जुनी रीत आहे. परंपरेने एक पाळकांनी नेमलेला आणि एक सभासदांनी निवडलेला. पास्टोरेट मंजूर होईपर्यंत याच धर्तीवर पाच जणांची तात्पुरती समिती पुरे. तीत निदान दोन महिला असाव्यात, तिशीच्या आतील एक जण असावा, सर्व जण एकाच गावचे किंवा एकमेकांचे व्याही नसावेत, आणि सर्वांत मोठा दाता खजिनदार नसावा. मुदत एक वर्ष. तात्पुरत्या समितीवरील माणूस दुसऱ्या वर्षीही तात्पुरताच राहिला की तो कायमचा झाला असे समजावे.

मुलांची संडे स्कूल पहिल्या रविवारपासून सुरू करावी, तीन मुले असली तरी. वर्गात नेहमी दोन प्रौढ असावेत, दार उघडे असावे, आणि शिकविणाऱ्या प्रत्येकाची पाळकांनी स्वतः चौकशी केलेली असावी. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली अत्याचाराची माहिती असूनही ती न कळविणे हाही गुन्हा आहे, हे शिक्षकांना स्पष्ट सांगावे. आपल्यातलेच सगळे आहेत, हे कारण येथे ग्राह्य नाही.

आता जागेकडे येतो. पास्टोरेट मंजूर झाल्यावर, आणि दोन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब हातात असताना, डायोसिसच्या मालमत्ता पाहणाऱ्या नोंदणीकृत विश्वस्त संस्थेच्या नावानेच जागा घ्यावी. सध्या एका विश्वासू भावाच्या नावावर घेऊ, मग हस्तांतर करू, हा विचार कोणी मांडील. तो सभेत नोंदवूनही घेऊ नये. त्या भावाच्या पश्चात सातबाऱ्यावर वारसांची नावे चढतात, आणि वारसांपैकी एकाने वाटणी मागितली की वेदी असलेली भिंतसुद्धा वाटणीत येते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त संस्थेच्या नोंदीतील बदलाचा अहवाल ९० दिवसांच्या आत द्यावा लागतो, आणि कलम ३६ प्रमाणे अशी स्थावर मालमत्ता विकण्यास, अदलाबदल करण्यास किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने देण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हा जाच नसून संरक्षण आहे. भूखंड पाहताना केवळ बिगरशेती आदेश पाहून भागत नाही. महापालिकेच्या मंजूर अभिन्यासात (लेआउटमध्ये) तो कोणत्या वापरासाठी आहे आणि तेथे प्रार्थनास्थळाला बांधकाम परवानगी मिळेल काय, हे वास्तुविशारदाकडून लेखी घ्यावे. निवासी भूखंडावर घर म्हणून नकाशा मंजूर करून आत चर्च चालविण्याची युक्ती कोणी सुचविल्यास त्याला पुन्हा बोलावू नये. आणि इमारत कर्जमुक्त झाल्याशिवाय तिचा समर्पणविधी करावयाचा नाही, ही जुनी अँग्लिकन शिस्त पाळावी. तोपर्यंत बिशपसाहेबांच्या परवानगीने तेथे उपासना करण्यास अडचण नसते.

पॅरिशला हद्द असते, आणि त्या हद्दीतील प्रत्येक घराची काळजी पाळकाने वाहावी अशी आपल्या परंपरेतील अपेक्षा आहे, मग ते घर मंडळीचे असो वा नसो. आपली हद्द कागदावर आखावी: मुंबई-आग्रा महामार्गाच्या कोणत्या बाजूला किती आत, वडाळा-पाथर्डी रस्त्यापर्यंत की पुढे. मग त्या हद्दीतील रुग्णालयात आठवड्यातून एकदा जाणारे दोघे, परराज्यांतून आलेल्या कामगारांच्या वस्तीशी ओळख ठेवणारे दोघे, शेजारच्या सोसायट्यांशी बोलणारा एक, अशी साधी वाटणी करता येते. पत्रके वाटण्याची आवश्यकता नाही. हॉलचे दार उपासनेच्या वेळी उघडे असावे, पाटीवर मंडळीचे नाव, वेळ आणि संपर्क स्पष्ट असावा, आणि आत काय चालते हे विचारावयास आलेल्या शेजाऱ्याला बसावयास खुर्ची द्यावी. नाताळच्या कॅरोल फेरीआधी शेजाऱ्यांना वेळ कळवावी व फराळालाही बोलवावे.

या सर्वांनंतर बिशपसाहेबांना पत्र लिहावे, आणि ते मातृमंडळीच्या पाळकांमार्फतच जावे. पत्र एका पानाचे असावे. सोबत कुटुंबांची व प्रभुभोजन घेणाऱ्या सभासदांची यादी, मातृमंडळीच्या कमिटीच्या ठरावाची प्रत, हद्दीचा हाताने काढलेला नकाशा, बारा महिन्यांचा जमाखर्च, हॉलच्या कराराची प्रत, आणि ले-रीडर म्हणून परवानापत्र मागणाऱ्यांची नावे जोडावीत. बांधकामाचा किंवा भूखंडाचा उल्लेख या पत्रात करू नये. दृढीकरणासाठी किती मुले तयार होत आहेत, त्यांचा अभ्यास कोण घेतो आणि तो कधी पूर्ण होईल, हे मात्र अवश्य लिहावे, आणि त्या दृढीकरणासाठी बिशपसाहेबांनी मातृमंडळीत न बोलावता आपल्या हॉलमध्ये यावे अशी विनंती करून ईस्टरनंतरच्या दोन-तीन तारखा सुचवाव्यात, म्हणजे ते येतील तेव्हा नव्या मंडळीला मान्यता द्यावी की नाही, हे त्यांना कागदांवरून ठरवावे लागणार नाही.